ऱ्हाईनकाठचे बंड, इ. स. १४ : मुदत उलटून गेलेल्या शिपायांचे प्रकरण

इ. स. १४ च्या उन्हाळ्याच्या अखेरीस ऱ्हाईन नदीच्या डाव्या तीरावर, उबी या जर्मन जमातीच्या प्रदेशात, म्हणजे आजच्या कोलोनच्या परिसरात, रोमन सैन्याच्या चार लीजन, म्हणजे हजारो शिपायांच्या मोठ्या पलटणी, एकाच छावणीत मुक्कामाला होत्या. सम्राट ऑगस्टस १९ ऑगस्टला वारल्याची बातमी पोहोचली आणि काही दिवसांतच या छावणीत बंड झाले. ते शमवण्यासाठी सवलती दिल्या गेल्या, एका बनावट पत्राचा आधार घेतला गेला, सम्राटाच्या घराण्यातील स्त्री आणि तिचे मूल वेठीला धरल्यासारखे पणाला लागले, आणि अखेर शिपायांकडूनच शिपायांची कत्तल करवण्यात आली. एवढे होऊनही ज्या मागणीसाठी बंड झाले होते तिच्यावर पुढच्याच वर्षी पाणी पडले. सेवेची मुदत, निवृत्तीची रक्कम आणि वरिष्ठांची मनमानी या तीन गोष्टी एकत्र आल्या की काय घडते, हे या प्रकरणात फार स्पष्ट दिसते.

या घटनांची सविस्तर हकीकत टॅसिटस या इतिहासकाराने सुमारे शंभर वर्षांनंतर लिहिली. तो सिनेटर होता, साध्या शिपायांविषयी त्याला फारसा आदर नव्हता, आणि त्याच्या पात्रांच्या तोंडची भाषणे ही त्याचीच रचना आहे, हे वाचताना लक्षात ठेवावे लागते. तरीही शिपायांच्या तक्रारी त्याने इतक्या नेमकेपणाने नोंदवल्या आहेत की त्याची सहानुभूती नसतानाही त्या पटतात.

पार्श्वभूमी

लीजनमधील शिपायाने किती वर्षे नोकरी करायची, हा प्रश्न ऑगस्टसच्या राजवटीत दोनदा नियमाने सुटला आणि दोन्ही वेळा व्यवहारात मोडला गेला. इ. स. पू. १३ मध्ये ही मुदत १६ वर्षे ठरली. इ. स. ५ मध्ये ती २० वर्षे करण्यात आली आणि निवृत्त होणाऱ्या शिपायाला १२,००० सेस्टर्स (रोमन नाणे) देण्याचे ठरले. शिपायाचा वार्षिक पगार त्या काळी ९०० सेस्टर्स, म्हणजे २२५ डिनेरियस होता. तेव्हा ही रक्कम तेरा वर्षांच्या पगाराहून अधिक होते. शिवाय मूळ मुदत संपली म्हणून शिपाई घरी जात नसे. त्याला वेगळ्या निशाणाखाली राखीव म्हणून ठेवले जाई. तेथे रोजची कष्टाची कामे माफ असावीत आणि फक्त लढाईच्या वेळी हजर राहावे, असे अपेक्षित होते, पण बहुतेकांच्या बाबतीत निशाण तेवढे बदलत असे आणि कामे तीच राहत.

एवढा पैसा आणायचा कोठून, यासाठी इ. स. ६ मध्ये स्वतंत्र सैनिकी कोषागार स्थापन झाले. ऑगस्टसने स्वतःच्या संपत्तीतून त्यात १७ कोटी सेस्टर्स घातले आणि पुढच्या उत्पन्नासाठी वारसाहक्काने मिळणाऱ्या मालमत्तेवर पाच टक्के आणि लिलावातील विक्रीवर एक टक्का कर बसवला. श्रीमंत रोमन नागरिकांना वारसा कर कधीच रुचला नाही, इ. स. १३ पर्यंत त्याविरुद्धची कुरबुर थांबली नव्हती. येथे या प्रकरणाची खरी गाठ आहे. मुदत संपलेला प्रत्येक शिपाई ज्या दिवशी निवृत्त होई, त्या दिवशी कोषागारावर १२,००० सेस्टर्सचा बोजा पडे. तोच आणखी पाच वर्षे छावणीत राहिला तर बोजा पाच वर्षे पुढे ढकलला जाई, आणि त्या काळात तो मेला तर कायमचा टळे. कोणी दुष्टपणे असे ठरवले असेल असे मानण्याची गरज नाही. हिशेबाची मांडणीच अशी होती की उशीर करणे राज्याच्या फायद्याचे ठरत होते.

त्यात संकटांची रांग लागली. कोषागार उभे राहिले त्याच वर्षी बाल्कनच्या बाजूच्या पॅनोनिया आणि डाल्मेशिया या प्रदेशांत मोठा उठाव झाला आणि तो मोडायला तीन वर्षे गेली. तो संपतो न संपतो तोच इ. स. ९ मध्ये ट्युटोबर्गच्या जंगलात आर्मिनियसने रोमन सेनापती वॅरसच्या तीन लीजन, सतराव्या, अठराव्या आणि एकोणिसाव्या, समूळ कापून काढल्या. आर्मिनियस स्वतः रोमन सैन्याच्या साहाय्यक तुकडीत लढलेला, रोमन नागरिकत्व मिळालेला जर्मन होता, त्यामुळे धक्का दुहेरी बसला. रोममध्ये घाईने भरती झाली, शहरातील गोरगरीब आणि मुक्त केलेले गुलामही सैन्यात घेतले गेले, आणि जे जुने शिपाई निघण्याच्या तयारीत होते त्यांना थांबवण्यात आले. त्या जंगलातील युद्धात पडलेल्या मार्कस केलियस या अठराव्या लीजनच्या सेंच्युरियनचा, म्हणजे तुकडीच्या नायकाचा, स्मृतिस्तंभ आजच्या झांटेनजवळ सापडला. त्यावर त्याचे वय साडेत्रेपन्न वर्षे कोरलेले आहे. सेंच्युरियन मर्जीने दीर्घकाळ सेवेत राहत, हे खरे, पण सीमेवर पन्नाशी ओलांडलेले लोक हत्यार धरून उभे होते याची ती दगडी साक्ष आहे.

एका काल्पनिक शिपायाचा हिशेब मांडून पाहू. तो इ. स. पू. १३ मध्ये, सोळा वर्षांच्या बोलीवर भरती झाला असेल तर इ. स. ४ मध्ये त्याची मुदत संपली. त्यानंतर त्याची गणना राखिवात झाली. इतक्यात नियम बदलून वीस वर्षांचा झाला, मग पॅनोनियाचे युद्ध आले, मग वॅरसचा पराभव. ऑगस्टस वारला त्या वर्षी त्याची सव्वीस वर्षे भरली असती आणि अजून तो ऱ्हाईनकाठी लाकडे फोडत असता.

समस्या

ऱ्हाईनवर त्या वेळी आठ लीजन होत्या आणि त्यांच्या दोन सेना होत्या. वरच्या अंगाच्या चार लीजन गायस सिलियसकडे, तर खालच्या अंगाच्या चार, म्हणजे पहिली, पाचवी, विसावी आणि एकविसावी, आउलुस केसिनाकडे होत्या. दोघांच्या वर जर्मॅनिकस होता, नव्या सम्राट टायबेरियसचा पुतण्या आणि दत्तक मुलगा, वय अठ्ठावीस. तो त्या वेळी गॉलमध्ये, म्हणजे आजच्या फ्रान्सच्या बाजूला, जनगणनेच्या आणि करआकारणीच्या कामात गुंतलेला होता.

बंडाची सुरुवात पाचव्या आणि एकविसाव्या लीजनमध्ये झाली आणि लगोलग पहिली व विसावी त्यांना मिळाल्या. शहरातून नव्याने भरती झालेल्यांनी आग लावली, असे टॅसिटस म्हणतो. जीर्ण झालेल्या म्हाताऱ्यांना सुटका, तरुणांना चांगला पगार आणि सगळ्यांना सेंच्युरियनांच्या क्रौर्याचा सूड हवा होता. टॅसिटसने नव्या भरतीवर ठपका ठेवला असला तरी त्यानेच दिलेल्या तपशिलावरून जुन्यांची तक्रार अधिक खोल होती, असे माझे मत आहे. शहरी मुलांना बोलता येत होते. बोलण्यासारखे साठलेले होते ते म्हाताऱ्यांकडे.

राग प्रथम सेंच्युरियनांवर कोसळला. साधारण ऐंशी शिपायांच्या तुकडीचा हा नायक वेताच्या छडीने शिस्त राखत असे, आणि खंदक खणणे, तटबंदी घालणे, चारा आणि सरपण आणणे अशा कामांतून सूट हवी असेल तर त्याला पैसे चारावे लागत. पगार दिवसाला तांब्याच्या नाण्यांत दहा अ‍ॅस. त्यातून कपडे, हत्यारे आणि तंबू यांचे पैसे कापले जात, आणि उरलेल्यातून ही लाच. शिपायांनी सेंच्युरियनांना जमिनीवर पाडून प्रत्येकाला साठ फटके दिले, कारण एका लीजनमध्ये सेंच्युरियन साठ असत, आणि मग अर्धमेल्या अवस्थेत त्यांना तटाबाहेर किंवा नदीत फेकून दिले. सेप्टिमियस नावाचा एक सेंच्युरियन पळत येऊन केसिनाच्या पायांशी पडला. शिपायांनी त्याची मागणी केली आणि केसिनाने त्याला त्यांच्या हवाली केले. कॅसियस केरिया नावाच्या तरुणाने मात्र तलवारीने वाट काढत स्वतःची सुटका करून घेतली. सत्तावीस वर्षांनी सम्राट कॅलिगुलाचा खून करणारा तो हाच.

यानंतर जे झाले ते अधिकाऱ्यांना अधिक भीतीदायक वाटले असणार. छावणीत गोंधळ माजला नाही. पहारे, चौक्या आणि रोजची निकडीची कामे शिपायांनी आपापसांत वाटून घेतली. सगळे एकदम पेटत आणि एकदम गप्प होत. वरिष्ठांशिवाय छावणी चालते, हे त्यांनी दाखवून दिले.

जर्मॅनिकस घाईने आला. शिपाई खाली माना घालून त्याला छावणीबाहेर सामोरे गेले. आत शिरताच तक्रारींचा गलका सुरू झाला. काहींनी हाताचे चुंबन घेण्याच्या मिषाने त्याची बोटे आपल्या तोंडात घालून दात नसलेल्या हिरड्या चाचपायला लावल्या. काहींनी वाकलेली अंगे दाखवली. त्याने तुकड्यांप्रमाणे उभे राहायला सांगितले, तर आहे तसेच अधिक चांगले ऐकू येते, असे उत्तर मिळाले. ऑगस्टसचा गौरव आणि टायबेरियसचे जर्मानियातील विजय त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. शिस्त कोठे गेली, असे विचारताच मात्र अंगावरचे कपडे काढून जखमांचे आणि छडीचे वळ एकत्रच दाखवण्यात आले. तीस वर्षांहून अधिक मोहिमा केल्याचे सांगणाऱ्या जुन्यांनी उपासमारीची नसलेली निवृत्ती मागितली. ऑगस्टसने मृत्युपत्रात प्रत्येक लीजन शिपायाला ३०० सेस्टर्स ठेवले होते, तेही काहींनी मागितले, आणि पाठोपाठ, तुला सम्राट व्हायचे असेल तर आम्ही तयार आहोत, असेही आवाज उठले.

या शेवटच्या वाक्याने प्रश्नाचे रूप पालटले. तोवरचा विषय पगाराचा आणि मुदतीचा होता. आता तो राजद्रोहाचा झाला. जर्मॅनिकस व्यासपीठावरून उडी मारून निघाला, शिपायांनी हत्यारे रोखून वाट अडवली, त्याने आपली तलवार उपसून स्वतःच्या छातीवर धरली, आणि कॅल्युसिडियस नावाच्या एका शिपायाने, ही घे, जास्त धारदार आहे, म्हणून आपली तलवार पुढे केली. मित्रांनी त्याला ओढत तंबूत नेले.

पर्याय

तंबूतील खलबतात ज्या गोष्टी तोलल्या गेल्या त्या अशा. बंडखोर वरच्या सेनेकडे दूत पाठवण्याच्या तयारीत होते. उबींचे नगर आणि त्यानंतर गॉलचा प्रदेश लुटण्याची भाषा चालू होती. नदीपलीकडच्या जर्मन जमातींना बंडाची खबर होती, म्हणजे तीर मोकळा सोडला की त्या उतरणार. मित्र जमातींच्या आणि साहाय्यक तुकड्यांच्या बळावर लीजनना ठेचणे शक्य होते, पण ते यादवी युद्ध झाले असते. वॅरसच्या पराभवाला पाच वर्षे होत असताना जर्मनांच्या हाती शस्त्रे देऊन रोमन नागरिकांना मारायचे, ही कल्पनाही कोणाला सोसली नसती. कडक शिक्षा करायला बळ नव्हते. उदार व्हावे तर ते लाजिरवाणे होते आणि ती पुढच्या प्रत्येक सैन्याला वाट दाखवणारी नजीर ठरली असती. शिपायांना काहीच दिले नाही काय किंवा सगळे दिले काय, राज्य सारखेच धोक्यात होते.

यात एक पर्याय मुळीच पुढे आलेला दिसत नाही. मागण्यांपैकी कोणत्या नियमाने आधीच देय आहेत आणि कोणत्या नव्या आहेत, अशी विभागणी कोणी केली नाही.

प्रत्यक्ष कृती

टायबेरियसच्या नावाने एक पत्र तयार करण्यात आले. वीस वर्षे भरलेल्यांना पूर्ण निवृत्ती. सोळा वर्षे भरलेल्यांना राखीव निशाणाखाली ठेवून शत्रूला परतवण्याखेरीज सर्व कामांतून सूट. मृत्युपत्रातील देणगी मिळेल आणि तीही दुप्पट. शिपायांनी हे पत्र प्रसंगी रचलेले आहे, हे लगेच ओळखले आणि सगळे आत्ताच्या आत्ता मागितले. निवृत्तीचे कागद तातडीने झाले. पैसे हिवाळी छावणीत देऊ, असे सांगितल्यावर पाचवी आणि एकविसावी जागची हलेनात, म्हणून जर्मॅनिकस आणि त्याच्या मित्रांनी प्रवासखर्चासाठी आणलेली रक्कम तेथेच वाटली. पहिली आणि विसावी केसिनाबरोबर उबींच्या नगराकडे निघाल्या, आणि त्या मिरवणुकीत लीजनच्या गरुडध्वजांमधोमध सेनापतीकडून उकळलेल्या पैशांच्या पेट्या वाहून नेल्या जात होत्या. सिलियसच्या चार लीजनपैकी तिघींनी बिनबोभाट निष्ठेची शपथ घेतली. चौदावी जराशी घुटमळली. त्यांनी न मागताच त्यांनाही पैसे आणि निवृत्ती देण्यात आली.

याच सुमारास चौकी नावाच्या जर्मन जमातीच्या प्रदेशात राखीव शिपायांच्या तुकडीत गडबड सुरू झाली. तेथील छावणीप्रमुख मेनियस याने दोघांना ठार मारले. त्याला तसा कायदेशीर अधिकार नव्हता. प्रकरण पेटल्यावर तो लपला आणि सापडल्यावर निशाण हिसकावून नदीकडे वळला, रांग सोडेल त्याला पळपुटा मानीन, असे म्हणाला, आणि सगळ्यांना घेऊन परतला. बंड त्याच्यामागे मुकाट चालत आले. एकट्या माणसाच्या धिटाईचा हा प्रसंग वाचायला चांगला आहे, पण त्याच्यावरून चार लीजनांचे धोरण ठरत नाही.

खोट्या पत्राची किंमत काही दिवसांतच चुकवावी लागली. मुनॅशियस प्लँकस या माजी कॉन्सलच्या, म्हणजे रोमच्या सर्वोच्च पदावर राहिलेल्या माणसाच्या, नेतृत्वाखाली सिनेटचे शिष्टमंडळ उबींच्या नगरात आले. येण्याचे कारण वेगळे होते. पण शिपायांना वाटले की आपल्याला मिळालेले परत घेणारा ठराव घेऊनच ते आले आहेत. ज्यांना आपल्या सवलतीचा पाया कच्चा आहे हे ठाऊक होते, ते दुसरे काय समजणार? रात्री जर्मॅनिकसच्या घराचे दार फोडून निशाण हिसकावले गेले. प्लँकस पहिल्या लीजनच्या छावणीत पळाला आणि तेथील ध्वजांना मिठी मारून बसला. गरुडध्वज वाहणाऱ्या कॅल्पर्नियसने अडवले नसते तर रोमचा दूत रोमन छावणीत मारला गेला असता.

यानंतर जर्मॅनिकसने पत्नी ॲग्रिपिना आणि दोन वर्षांचा मुलगा गायस यांना ट्रेव्हेरी या गॉल जमातीकडे सुरक्षिततेसाठी पाठवायचे ठरवले. हा गायस म्हणजेच पुढे कॅलिगुला या नावाने ओळखला गेलेला सम्राट. तो छावणीतच वाढत होता आणि शिपायांचा लाडका होता. ऑगस्टसची नात, गरोदर, कडेवर मूल, बरोबर रडणाऱ्या बायका, आणि आसरा मागायला रोमन लीजन सोडून परक्यांकडे निघालेली. हे पाहून शिपायांना लाज वाटली आणि त्यांनी वाट अडवून विनवण्या केल्या, असे टॅसिटस सांगतो. नंतरचा इतिहासकार कॅसियस डिओ याचे म्हणणे याच्या उलट आहे. त्याच्या मते शिपायांनी आई आणि मूल दोघांनाही पकडले, जर्मॅनिकसच्या विनंतीवरून गरोदर आईला सोडले पण मुलाला ठेवून घेतले, आणि त्यातून काही मिळत नाही हे पाहिल्यावर ते शांत झाले. मला दोन्ही हकीकतींत तितकी तफावत वाटत नाही, कारण जमावाने अडवलेली वाट आतून आणि बाहेरून निरनिराळी दिसते.

शिपाई नरमले तेव्हा जर्मॅनिकसने शिक्षेचे काम त्यांच्याच हाती दिले. पुढाऱ्यांना बांधून पहिल्या लीजनचा प्रमुख केट्रोनियस याच्यासमोर आणले गेले. लीजन तलवारी उपसून उभ्या राहिल्या; एकेका आरोपीला ओट्यावर उभे करून दाखवले जाई, जमावाने दोषी म्हणून आरडा केला की त्याला खाली लोटून तेथेच मारले जाई. हे झाल्यावर जुन्या शिपायांना सुएबी जमातीपासून संरक्षणाच्या निमित्ताने आल्प्सजवळच्या रेशिया प्रांतात पाठवण्यात आले, म्हणजे त्यांना छावणीपासून दूर केले गेले.

त्याच वेळी आणखी एक गोष्ट झाली, आणि या सगळ्या प्रकरणात मला ती सर्वात मोलाची वाटते. जर्मॅनिकसने सेंच्युरियनांची फेरतपासणी केली. प्रत्येकाने पुढे येऊन नाव, दर्जा, गाव, मोहिमांची संख्या, पराक्रम आणि मिळालेली पदके सांगायची. अधिकाऱ्यांनी आणि लीजनने त्याच्या कामाची व सचोटीची ग्वाही दिली तर पद कायम, आणि लोभी किंवा क्रूर असल्याचे एकमताने सांगितले तर पदावरून दूर. शिपायांच्या तक्रारीच्या मुळाशी हात घालणारी ही कृती होती आणि तिला एक अ‍ॅसही खर्च आला नाही.

पाचवी आणि एकविसावी सुमारे साठ रोमन मैलांवर, म्हणजे अंदाजे ९० किलोमीटर अंतरावर व्हेटेरा येथे, आजच्या झांटेनजवळ, अजून धुमसत होत्या. जर्मॅनिकसने केसिनाला लिहिले की मी सैन्य घेऊन येत आहे. त्याआधी तुम्ही दोषींना शिक्षा केली नाही तर मी निवड न करता सर्वांना मारीन. केसिनाने हे पत्र ध्वजधारकांना आणि भरवशाच्या शिपायांना गुपचूप वाचून दाखवले. ठरलेल्या वेळी ते तंबूंत शिरले आणि दिवसा ज्यांच्याबरोबर जेवले आणि रात्री ज्यांच्याजवळ झोपले होते, त्यांनाच त्यांनी कापले. आवर घालायला कोणी वरिष्ठ नव्हता. जर्मॅनिकस पोहोचला तेव्हा, हा इलाज नव्हे, हा तर संहार आहे, असे म्हणत रडला आणि प्रेते जाळायला सांगितली.

परिणाम

तत्काळ परिणाम एवढाच की सैन्य हातात आले आणि त्याला लगेच शत्रूवर सोडण्यात आले. १२,००० लीजन शिपाई, मित्रांच्या २६ तुकड्या आणि आठ घोडदळ पथके ऱ्हाईन ओलांडून गेली, मार्सी जमात सणाच्या रात्री झोपेत असताना तिच्यावर तुटून पडली आणि पन्नास मैलांचा प्रदेश उजाड करून, टॅन्फाना हे देवस्थान जमीनदोस्त करून परतली. ज्या लोकांचा या तक्रारीशी काडीचाही संबंध नव्हता त्यांच्यावर लीजनची लाज धुतली गेली. परतताना जंगलात ब्रुक्टेरी आणि इतर जमातींनी गाठले, तेथे विसाव्या लीजनने नेटाने मार्ग काढला.

टायबेरियसला बंड मोडल्याचा आनंद झाला, पण पैसे वाटून आणि निवृत्ती देऊन जर्मॅनिकसने शिपायांची मर्जी मिळवली, हे खटकले. पॅनोनियात त्याच वेळी बंड केलेल्या सेनेलाही तीच सवलत लागू करावी लागली. इ. स. १५ मध्ये लोकांनी एक टक्का विक्रीकर रद्द करण्याची विनंती केली, तेव्हा त्याने जाहीर केले की सैनिकी कोषागार त्याच करावर उभे आहे आणि शिपाई वीस वर्षांआधी निवृत्त होऊ लागले तर राज्याला ते पेलणार नाही. सोळा वर्षांची सवलत अशा रीतीने गेली. ज्यांना प्रत्यक्ष निवृत्तीचे कागद मिळाले होते ते सुटले. बाकीच्यांच्या हाती फक्त नियमाची मूळ वीस वर्षे राहिली. पुढच्या पिढ्यांत तर पंचवीस वर्षे ही रीत झाली.

सिलियसला आपल्या सेनेच्या निष्ठेचा अभिमान फार काळ जपता आला नाही. माझ्या लीजननेही बंड केले असते तर टायबेरियसचे राज्य टिकले नसते, असे तो बोलत असे, आणि इ. स. २४ मध्ये त्याच्यावर खटला झाला तेव्हा हे बोलणे त्याला भोवले. निकालाआधी त्याने आत्महत्या केली.

निर्णयाचे टप्पे, आणि काय वेगळे करता आले असते

या प्रकरणात जर्मॅनिकसला भित्रा किंवा नाटकी ठरवणे सोपे आहे, आणि तलवार छातीवर धरणारा सेनापती नाटकी दिसतोच. पण त्याच्याजवळ काय होते हे आधी पाहिले पाहिजे. त्याच वेळी पॅनोनियात तीन लीजनांनी बंड केले होते आणि तेथे टायबेरियसचा सख्खा मुलगा ड्रुसस गेला होता. त्याने काही कबूल केले नाही. जे लगेच देता येईल ते देऊ, बाकीचे सिनेटवर सोपवू, असे सांगितले, चंद्रग्रहणाने घाबरलेल्या शिपायांच्या मनःस्थितीचा फायदा घेतला आणि पुढाऱ्यांना मारले. मात्र त्याच्याबरोबर रोमहून आलेल्या प्रिटोरियन गार्ड या सम्राटाच्या रक्षक दलाच्या दोन तुकड्या, घोडदळ आणि सम्राटाचे जर्मन अंगरक्षक होते. जर्मॅनिकसजवळ त्यातले काहीच नव्हते आणि समोर चार लीजन होत्या. शिवाय ड्रुससलाही शिपायांनी विचारलेच, की द्यायचा अधिकार नसेल तर आलास कशाला? म्हणून ड्रुससचा मार्ग तसाच्या तसा येथे चालला असता, असे म्हणता येत नाही.

तरीही पत्राच्या बाबतीत एक दुसरा रस्ता होता आणि तो सत्यावर आधारलेला होता. वीस वर्षे भरलेल्याला निवृत्ती ही सवलत नव्हती, तो इ. स. ५ पासूनचा नियम होता. मृत्युपत्रातील ३०० सेस्टर्स ही कोणाची कृपा नव्हती, तो दिवंगत सम्राटाने ठेवलेला वारसा होता. या दोन गोष्टी जर्मॅनिकस स्वतःच्या अधिकारात, खोटे न बोलता, त्याच दिवशी जाहीर करू शकला असता. सोळा वर्षे आणि दुप्पट देणगी या नव्या गोष्टी होत्या आणि त्याच देण्यासाठी खोट्या सहीची गरज होती. देय आणि दान एकाच कागदावर आल्यामुळे कागद संशयास्पद झाला, आणि त्यातले जे पूर्णपणे कायदेशीर होते त्याच्यावरही संशय बसला. प्लँकसवर आलेली रात्र याच संशयातून आली. धमकावून मागणाऱ्याला काही देऊ नये म्हणून जेव्हा सगळेच नाकारले जाते, तेव्हा देय आणि दान यांतला हा फरक अनेकदा हरवतो. येथे तो देण्याच्या घाईत हरवला.

केसिनाचा निर्णय अधिक कठोरपणे तपासला पाहिजे. सेप्टिमियसला हवाली केल्यावर छावणीतल्या प्रत्येक सेंच्युरियनला कळले की आपल्यामागे कोणी नाही, आणि प्रत्येक शिपायाला कळले की मागितले की मिळते. पुढे व्हेटेरा येथे त्याच केसिनाला शिपायांच्या हातून शिपाई मारवावे लागले, आणि तेथे खटल्याचे जे थोडेफार सोंग उबींच्या नगरात झाले होते तेही उरले नव्हते. कोणाला मारायचे याची यादी कोणी केली, कोणी तपासली, कोणाचे जुने वैर त्यात मिसळले, हे कोणालाच सांगता आले नसते. जर्मॅनिकसच्या पत्रातील निवड न करता मारीन ही धमकी या निष्काळजी कत्तलीला कारणीभूत झाली, असे मला वाटते. त्यामुळे नंतरचे त्याचे अश्रू खरे असले तरी जबाबदारी त्याची राहते.

सेंच्युरियनांची फेरतपासणी मात्र पहिल्याच दिवशी व्हायला हवी होती. शिपायांनी सर्वांत आधी छडीचे वळ आणि कामातून सूट मिळवण्याच्या लाचेचे दर दाखवले होते, पैशाची मागणी त्यानंतर आली. फेरतपासणी बंड संपल्यावर, एकाच सेनेत आणि एकदाच झाली. लाच ज्या कारणाने चालत होती ते कारण, म्हणजे सेंच्युरियनच्या मर्जीवर सोडलेली कामाची वाटणी, तसेच राहिले. इ. स. ६९ च्या जानेवारीत ऱ्हाईनच्याच लीजनांनी व्हिटेलियसला सम्राट केले, तेव्हा त्याने कामातून सूट मिळवण्यासाठी शिपाई सेंच्युरियनांना देत असलेले पैसे राज्याच्या तिजोरीतून भरण्याचा हुकूम दिला, आणि रोममध्ये ऑथोनेही तेच केले. पंचावन्न वर्षे शिपाई जे स्वतःच्या खिशातून भरत होते, ते अखेर सरकारी खर्चात धरले गेले, ते दोन प्रतिस्पर्धी सम्राटांना एकाच महिन्यात सैन्याची गरज पडली म्हणून.